वाढत्या अंगाची पँट

यंदा डिसेंबर लागला आणि थंडीनं आमच्या पठारावर मुक्कामच ठोकला. मी धाराशिव-भूम गाडीवर कंडक्टर आहे. सकाळच्या पहिल्या फेरीला गाडीची दांडी धरवत नाही, तिकिटाच्या मशीनची बटणं बोटांना कळत नाहीत. दोन्ही बाजूंच्या रानांत ज्वारी निसवली आहे, करडईला काटे आले आहेत, आणि सगळ्यावर एक पांढुरकी, कोरडी थंडी पसरलेली असते. गाडीतल्या माणसांना या दिवसांत हुरडा सुचतो, लसणाची चटणी सुचते, दुखरे गुडघे सुचतात. मला एक काळी पँट आठवते.

या दिवसांत गाडीत चढणारी पोरं मला पाहवत नाहीत. एकेकाच्या अंगात थोरल्या भावाचा स्वेटर, बाह्या दुमडून दुमडून मनगटाशी जाड वळकटी झालेली, आणि पँटचे पाय टाचेखाली घोळत असलेले. पायरी चढताना टाच कापडावर पडते आणि पोर पुढं झुकतं. मी हात घालून त्याला धरते आणि त्याच्या आईवर खेकसते, "पाय वर दुमडा की त्याचे! पडलं म्हणजे?" बाया माझ्याकडं बघत राहतात. परवा एक जण म्हणाली, "वाढत्या अंगाचं हाय की ओ म्याडम." मला ते ठाऊक आहे. मी तसल्याच घरातली आहे.

माझे आप्पा भूमला शिवणकाम करतात. तरुणपणी बार्शीला एका दुकानात काजं-बटणं करत करत शिकले, मग गावात येऊन बाजाराच्या वाटेवर मशीन टाकलं. त्यांच्या हाताचा एक नेम होता. शिवणीत दोन बोटं कापड आत सोडायचं, पायाला खाली चार बोटांची दुमड ठेवायची, आणि घेर असा धरायचा की आत अजून अर्धा माणूस मावावा. पोरगं वाढलं की उसवायचं, सोडायचं, पुन्हा टीप मारायची. ज्यांच्या घरात नवं कापड वर्षातून एकदा यायचं त्यांच्यासाठी ते शिवत आले होते, आणि ते स्वतःही त्याच घरांतले होते. अंगाबरोबर शिवलेले कपडे ही त्यांच्या लेखी बड्या लोकांची चैन होती. आठवडी बाजाराला खेड्यांतून माणसं त्यांच्याकडं यायची ती यासाठीच. आप्पांनी शिवलेली पँट थोरल्याला सैल, मधल्याला बरोबर आणि धाकट्याला ठिगळ लावून, अशी सगळं घर फिरून मग पुसायच्या फडक्यात जायची.

आम्हा दोघी बहिणींचं बालपण या ढगळ कपड्यांत गेलं. माझा शाळेचा झगा पाचवीत गुडघ्याखाली होता आणि सातवीत गुडघ्यावर, पण झगा तोच. मैत्रिणी हसायच्या. मी घरी येऊन आदळआपट करायची, तर आप्पा सुईत दोरा ओवता ओवता म्हणायचे, "कापड काय वाढत न्हाय गं, तू वाढतीस." त्यांच्या त्या सैल शिवण्यात आम्ही मोठ्या होऊ, जगू, टिकू असा एक भरवसा असायचा. तेव्हा मला त्याचा राग यायचा. आता राग येत नाही, पण जे येतं ते रागापेक्षा वाईट आहे.

वैशाली माझ्याहून बरीच धाकटी. आई गेली तेव्हा ती तिसरीत होती. मग मी तिच्या वेण्या घालायच्या आणि आप्पांनी तिचे कपडे शिवायचे, अशी आमची वाटणी झाली. सुट्टीत आम्ही आईच्या माहेरी, तामलवाडीला जायचो. तिथं मळ्यात एक विहीर होती, उन्हाळ्यात तिच्या तळाशी फक्त खडक उरायचा. पोहरा सुटून खाली पडला की मोठी माणसं दोर शोधायला जायची, तोवर वैशी दगडांच्या सांदीत बोटं घालून खाली उतरलेलीसुद्धा असायची. वर येताना तिचा झगा पायात यायचा. एवढा तो ढगळ. मग ती झग्याची कड दातात धरायची आणि पालीसारखी वर यायची. मामी कपाळावर हात मारून घ्यायची. मी विहिरीच्या काठावर पोटावर पडून तिच्याकडं बघत असायची आणि ती वर येईपर्यंत तिची पावलं मोजत असायची. ते मोजणं पुढं कधी थांबलंच नाही, नुसतं विहिरीवरून डोंगरावर सरकलं.

शिकून ती पुण्याला एका कंपनीच्या ऑफिसात लागली. तिथं तिला डोंगर चढणाऱ्यांचा एक गट भेटला. रविवार आला की ही सह्याद्रीत कुठल्या तरी सुळक्याला लटकलेली. आप्पांना आधी काही कळेना. "वर काय हाय?" असं त्यांनी एकदा तिला अगदी मनापासून विचारलं होतं. वैशी म्हणाली, "काय न्हाय आप्पा. वारं हाय." त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे, पण नंतर कुणी विचारलं की ते सांगायचे, "धाकटी पुण्याला नोकरी करती, अन् डोंगर चढती." हे दुसरं वाक्य ते जरा मोठ्यानं म्हणायचे.

मला आठवते ती थंडी वैशीच्या शेवटच्या रजेची. हिमाचलात थंडीच्या दिवसांत धबधबे गोठतात. दोन्ही हातांत कुदळीसारखी हत्यारं घ्यायची, बुटाखाली लोखंडी दात बांधायचे आणि त्या गोठलेल्या पाण्यावर चढायचं, असा तिचा बेत होता. बाकी सगळं सामान जमलं होतं. बूट जमले, हातमोजे जमले, दात भाड्यानं मिळाले. पँट काही जमेना. आम्हाला वाटायचं, पँट ती काय आणि तिचं एवढं काय. तर ती समजावून सांगायची. रेनकोटची पँट कडक, आत घाम साचतो आणि तो घामच मग गार पडतो. लोकरीची पँट बर्फानं भिजते. या दोन्हींच्या मधली एक असते, वारा अडवणारी, घाम बाहेर सोडणारी, गुडघा छातीला लावला तरी ताणून घेणारी. तिला सॉफ्ट शेल म्हणतात. ती कमरेला घसरता कामा नये, मांडीला आवळता कामा नये आणि घोट्याशी घोळता कामा नये. "तीनच अटी हायत ताई," ती म्हणायची, "लग्नाच्या स्थळाला बी एवढ्याच असत्यात."

आणि स्थळासारखंच झालं. पुण्यातल्या दुकानात बायकांच्या पँटी होत्या त्या बागेत फिरायला घालायच्या. पुरुषांची छोट्या मापाची पँट कमरेला बसे, पण मांडीवर अडे. वैशी बुटकी, पळून पळून मांड्या भरलेल्या, कंबर मात्र मुठीत मावेल अशी. रजा घेऊन ती भूमला आली आणि मग पार्सलं यायला लागली. पार्सलवाला आमच्या गल्लीत शिरत नसे, नाक्यावरून फोन करी. आप्पा मशीन सोडून चालत जात आणि पुडकं काखेत मारून आणत. मग वैशी आत जाऊन घाली, बाहेर येई, आम्ही दोघं निकाल देत असू. एक मांडीवरच अडकली. एकीच्या कमरेत कोंबडी बसवता आली असती. एक एवढी लांब की खाली पायांऐवजी नुसत्या चुण्या दिसत होत्या.

"ताई, ही पँट ज्या बाईसाठी शिवली ना, तिला मांड्याच नसतील बघ."

"मग ती चढते कशानं?" मी विचारलं.

"जाहिरातीत चढत आसंल."

आम्ही हसत होतो. आप्पा प्रत्येक पँट उलटी करून आतल्या शिवणी बघायचे, मग व्यवस्थित घडी घालून पुन्हा पुडक्यात भरायचे. जी बसत नाही म्हणून परत पाठवायची तिलासुद्धा ते इस्त्री करून पाठवायचे. ती थंडी सगळी अशी गेली. सकाळी वैशी सडकेनं पळून यायची, तिच्या पाठीतून वाफा निघत असायच्या, आप्पा चुलीवर पाणी तापवून तयार असायचे. मी ड्यूटी संपवून भूमला मुक्कामाला राहिले की आम्ही तिघं ओट्यावर बसून शेंगा भाजून खायचो. मला त्या दिवसांचं सगळं आठवतं, आणि सगळ्यात जास्त आठवतं ते हे की आम्ही फार आनंदात होतो.

जायचे दिवस जवळ आले तेव्हा वैशीनं हात टेकले. मांडीला बसेल अशी पुरुषांची मोठी पँट तिनं आणली आणि आप्पांच्या मशीनवर ठेवली. "आप्पा, आता तुमीच काय ते करा."

आप्पांनी त्या कापडाला जीव लावला. पाठीमागून नखं लावून ते ताणलं, सोडलं, पुन्हा ताणलं. "जातंय बी अन् येतंय बी," असं म्हणून ते पोरासारखे हसले. मशीनची नेहमीची सुई त्या कापडावर टाका सोडायला लागली, तर दुसरी सुई आणायला ते बार्शीला जाऊन आले. कंबर उसवून आत घेतली. आसनात, दोन पायांच्या मधे, तिकोनी तुकड्याची एक लहानशी कळी घातली, म्हणजे पाय उचलला तरी पँट ओढली जाणार नाही. मग तिला म्हणाले, "उचल पाय." वैशीनं भर दुकानात उभ्या उभ्या पाय उचलून मशीनच्या फळीवर ठेवला. रस्त्यावरून जाणारे थबकले. आप्पांनी कुणाकडं लक्ष दिलं नाही. ते उकिडवे बसून कळी बघत होते. "ओढतंय का?" "न्हाय आप्पा." "बघ, नीट बघून सांग." "खरंच न्हाय." जगातल्या कुठल्या दुकानाला जे जमलं नाही ते भूमच्या बाजारवाटेवर जमत आलं होतं, आणि ते त्यांनाही कळत होतं.

मग राहिला पायाचा तळ. मी तिथं होते. दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही, माझ्या कानांनी ऐकलं आहे.

"आप्पा, खाली बॉटम कमी करा," वैशी म्हणाली. "घोट्याशी अगदी पायाबरोबर पाहिजे."

"पायाबरोबर? मंग आत काय घालशील?"

"आत पातळ एक असतं. बसतं ते."

"पातळ? लई थंडी म्हणतीस न्हवं तिकडं? आत माझी लोकरीची घाल. तिला जागा नको का?"

"आप्पा, बुटाला दात असतात. सैल कापड अडकतं त्यात."

"दात खाली असत्यात, कापड वर ऱ्हातंय. म्या दुमडून वर घेतो की." त्यांनी खडू कानावर खोचला. "अन् कापायचं न्हाय म्या. एवढं भारी कापड. उद्या अंग भरलं, लगीन झालं, सैल पायजे झाली तर कुठून आणायचं?"

"मी आता काय वाढणार हाय का?"

"माझ्यासाठी तू वाढत्या अंगाचीच," आप्पा म्हणाले, आणि तो विषय तिथं संपला.

वैशी हट्टी होती, पण आप्पांच्या हातातल्या कापडापुढं तिचा हट्ट कधी चालला नाही. तिनं माझ्याकडं बघून डोळे फिरवले. आप्पांनी कात्री लावली नाही. चार बोटांची दुमड आत घेतली, घेर होता तसा ठेवला आणि बारीक हातशिलाई मारून दिली. ती घालून ती ओट्यावर उभी राहिली तेव्हा कमरेपासून गुडघ्यापर्यंत ती पँट तिच्यासाठीच जन्मली होती, आणि गुडघ्याखाली ती आमच्या घरातली होती.

ती गेली ती माझ्याच गाडीनं. भूमच्या स्टँडवर आप्पा खिडकीखाली उभे होते, कानटोपी घालून. गाडी निघाली तसे ते मागं मागं राहत गेले. मी सगळ्यांची तिकिटं आटोपून तिच्या शेजारी जाऊन बसले. तिचंही तिकीट मीच दिलं.

"बॉटमचं पुन्हा नाही सांगितलंस का गं त्यांना?" मी विचारलं.

"सांगितलं की. ऐकतात का ते," ती म्हणाली. "तिकडं गेल्यावर खाली पट्टी बांधीन. चिकटपट्टी घेतलीय मी. त्यांचं मन कशाला मोडायचं?" मग तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि येडशीपर्यंत झोपली. खिडकीतून गार वारा येत होता म्हणून मी माझ्या ओढणीनं तिचे कान झाकले.

पुढचं मी कमी शब्दांत सांगते, कारण त्याला जास्त शब्द लावले की मला घरी जाऊन स्वयंपाक करता येत नाही. जानेवारी संपत आला तेव्हा फोन आला. वैशीला आम्ही पेटीत बघितलं. भूमला सगळा समाज लोटला होता. दिवसांच्या कार्याला, पुण्यानुमोदनाला, तिच्या गटातली एक मैत्रीण आली, पांढरी साडी नेसून, वैशीची सॅक घेऊन. भंते गाथा म्हणत होते, आप्पा भिंतीला टेकून बसले होते. त्या मुलीनं मला मागच्या अंगणात बोलावलं आणि सांगितलं.

बर्फावर चढणं झालं होतं. नीट झालं होतं, वैशी सगळ्यांच्या पुढं होती. दोर सोडून त्या उतरत होत्या, उतार सोपा होता, जेवायला काय करायचं असं बोलणं चाललं होतं. वैशीच्या एका पायाची पट्टी जागेवर होती. दुसऱ्या पायाची ओली होऊन सुटली असावी. बुटाचा दात दुमडीत शिरला आणि पाय पुढं आलाच नाही. ती पालथी पडली आणि घसरत गेली. "तिनं हाक पण मारली नाही, ताई," ती मुलगी म्हणाली. "आम्ही तिच्या मागं दहा पावलांवर होतो." मी तिचा हात धरला आणि पहिलं वाक्य बोलले ते हे, की आत बसलेल्या त्या माणसाला यातलं एक अक्षर कळता कामा नये.

आप्पांना मी सांगितलं की वरून बर्फ सुटलं. तिथं कुणीही असतं तरी गेलं असतं. मग त्यांनी एकच विचारलं. "थंडी वाजली आसंल का गं तिला?"

"नाही आप्पा," मी म्हणाले. "पँट उबदार होती."

"व्हय," ते म्हणाले.

सॅकमध्ये सगळ्यात खाली ती पँट होती. उजव्या पायाची दुमड फाटून लोंबत होती आणि तिच्यावर बारीक बारीक भोकं होती, वर पोटरीशी एक लांब चीर. शिवणाऱ्या माणसाला ते दाखवायची गरज नव्हती, त्यानं एका नजरेत वाचलं असतं. आप्पांच्या हाताला आयुष्यात दुसरं काही येत नव्हतं. त्या हाताचा त्यांना धाक बसला असता तर कात्री सुटली असती, आणि कात्री सुटली की माणूस फार दिवस राहिला नसता. ती पँट जाळावी असं मनात आलं, पण माझ्यानं ते झालं नाही. धाराशिवला माझ्या घरी न्यावी तर माझी लेक समू, ती सगळीकडं उचकापाचक करणारी. म्हणून पिशवीत कोंबून भूमच्या मागच्या खोलीतल्या लोखंडी पेटीत, आईच्या लुगड्यांच्या तळाशी घातली. आई गेल्यापासून त्या पेटीला आप्पांनी हात लावला नव्हता. त्यांना तो वास सोसत नाही.

त्याला आता काही वर्षं झाली. आप्पांनी मशीन सोडलं नाही, हे बघून माझा जीव भांड्यात पडला होता. पण त्यांचा हात बदलला. लोक तक्रार करायला लागले. "आप्पा, पोराचं लई फिट्ट झालं की हे." आप्पा म्हणायचे, "हाय तेवढंच शिवलंय." शिवणीत आत कापड नाही, खाली दुमड नाही. सहा महिन्यांत कपडे आखूड व्हायचे आणि सोडायला आत काहीच नसायचं. जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडं जायला लागली. मला वाटलं, वय झालं. डोळे गेले असतील म्हणून मी त्यांना बार्शीला दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. मग मला वाटलं, दुःखानं माणसाचं लक्ष उडतं, माप चुकतं. समूचा शाळेचा ड्रेस त्यांनी असाच अंगाबरोबर शिवला आणि दिवाळीला तो तिच्या पोटऱ्यांवर आला, तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले, "तुमच्या हाताला झालंय तरी काय आप्पा? वाढती पोर आहे, चार बोटं सोडायला काय झालं होतं?" ते उठून बाजारात गेले. नवं कापड आणलं आणि दुसरा शिवून दिला. तोही अंगाबरोबर.

गेल्या आठवड्यात समूच्या शाळेच्या गॅदरिंगचं निघालं. तिला नाचात नऊवारी पाहिजे. बाजारातली तयार नऊवारी तिला नको होती. तिला तिनं कधी न पाहिलेल्या आजीचं लुगडं नेसायचं होतं. सुट्टी टाकून मी तिला घेऊन भूमला गेले. आप्पा ओट्यावर उन्हात मशीन घेऊन बसले होते. "आईचं हिरवं लुगडं काढते," मी म्हणाले. त्यांनी मान वर केली, मशीन थांबवलं, मग म्हणाले, "काढ." समूला त्यांनी पोलक्याच्या मापाला बोलावून घेतलं.

पेटी उघडली. वर डांबराच्या गोळ्या होत्या, पांढऱ्या, घट्ट, नव्या. मी त्या ठेवलेल्या नव्हत्या. हिरवं लुगडं वरच्या थरातच होतं, ते घेऊन मला उठता आलं असतं. पण दरवर्षी थंडीत माझा हात त्या पेटीच्या तळाशी जाता जाता राहतो, तो या वेळी गेला. मी कोंबलेली पिशवी तिथं नव्हती. तिथं पँट होती, घडी घातलेली, इस्त्रीची.

मी ती गुडघ्यावर पसरली. गुडघ्याखाली घेर आत घेतला होता, सावकाश निमुळता करत घोट्यापर्यंत. तळाला दुमड नव्हती. ज्या माणसानं जन्मभर जादाचं कापड कापायचं टाळलं त्यानं ती कापून टाकली होती, आणि फाटका भाग तिच्याबरोबर गेला होता. पोटरीवरच्या चिरेवर रफू होतं, बोट फिरवूनच कळावं असं. आत पायाशी एक बारीक इलास्टिक होतं. टाका एकही सुटलेला नव्हता. मी ती उभी धरली आणि वैशी तिथं उभी राहिली, घोट्यापर्यंत, जशी मागितली होती तशी.

घड्यांवर कापड फिकट पडलं होतं. कालपरवाची घडी तशी पडत नाही. म्हणजे हे त्यांनी बहुधा त्याच वर्षी केलं होतं. मी सुटलेल्या बर्फाची गोष्ट सांगत होते, दरवर्षी, कुणी भेटायला आलं की त्यांच्यादेखत सांगत होते, आणि ते शेजारी बसून "व्हय" म्हणत होते. मी त्यांच्यापासून लपवत होते आणि मला कळू नये म्हणून ते माझ्यापासून लपवत होते. आणि मी त्यांना डोळे तपासायला नेलं होतं. मी तिथं जमिनीवर बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले, कारण बाहेर समू होती.

घडी होती तशी घातली, पँट तळाशी ठेवली, लुगडं घेऊन बाहेर आले. आप्पांनी माझ्या तोंडाकडं बघितलं.

"तळापातुर गेलीस व्हय?"

"व्हय," मी म्हणाले.

त्यांनी टेप हातावर गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. समू त्यांच्या पुढ्यात हात पसरून उभी होती, तिला वाटलं अजून माप चाललं आहे.

"आता बसली असती का तिला?" आप्पांनी विचारलं.

इतकी वर्षं मी या माणसाला सांभाळायला खोटं बोलत आले होते. आता खोटं बोलावं तर त्यांच्या कामाला नावं ठेवायची, आणि खरं बोलावं तर तेव्हा ती बसली नव्हती हे कबूल होणार, आणि ते त्यांना माझ्याआधी कळत होतं. ते वाट बघत होते. रस्त्यावरून बाजाराची माणसं चालली होती, अंगावर शाली, मफलर, थोरल्या भावांचे स्वेटर.

"बसली असती आप्पा," मी म्हणाले. "अगदी बरोबर बसली असती."

त्यांनी मान हलवली. पुष्कळ वेळ हलवत राहिले. मग टेप समूच्या दंडाला लावला, खडू माझ्या हातात दिला आणि मशीनच्या फळीकडं बोट केलं.

"हाय तेवढंच लिव," ते म्हणाले.

मी लिहून घेतलं.